धाकट्या जावेची गवत कापायची गाडी

माझ्या धाकट्या जावेची गवत कापायची गाडी चालू होत नाही, हे कळलं तेव्हा मी कांद्याचं रोप उपटत होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच मुलीचा साखरपुडा तिच्या लॉनवर होता, तरीही बरं वाटलं.

महाळुंगे पडवळला आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक बांध आहे, बाकी काही नाही. वाटणीत विहिरीकडचा तुकडा आमच्याकडे आला आणि रस्त्याकडचा दिराकडे. आमच्यात कांदा, बटाटा, जनावरांचा घास. तिने रस्त्याकडे हिरवळ लावली, चार खोल्या बांधल्या, झोपाळे टांगले. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं तिथे येऊन पिठलं-भाकरी खातात आणि तिला म्हणतात, काय सुंदर ठेवलंय हो तुम्ही. तेच पिठलं मी रोज करते.

मी ट्रॅक्टर चालवते. आमच्या आळीत ट्रॅक्टरवर बसलेली पहिली बाई मीच. त्याचं कौतुक एका हंगामात संपलं. मग हिची गाडी आली. बुटका लाल ट्रॅक्टरच म्हणा, पोटाखाली पाती आणि वर मऊ खुर्ची. कुठल्याशा बंगल्यावरून जुनी आणलेली, सोबत माहितीचं पुस्तक-बिस्तक काही नाही. पण ती चालवताना बघायला बायका पार वरच्या वाडीतून आल्या. ती मला म्हणाली, "ताई, बसून तर बघा." मी म्हटलं, "मला माझा ट्रॅक्टर हाय." त्यानंतर तिने दोनदा विचारलं आणि मी दोनदा तेच सांगितलं.

गाडीचं मी गिळलं असतं. मुलीचं गिळता येत नव्हतं. माझी मुलगी शाळेत असल्यापासून दप्तर टाकून बांध ओलांडायची ती जेवायलाच परत यायची. कॉलेज कुठलं घ्यायचं हे काकीला आधी विचारलं. पिंपरी पेंढारचं स्थळ आलं तेव्हा मुलगा आवडल्याचं काकीला त्याच संध्याकाळी सांगितलं, मला दुसऱ्या दिवशी, तेही पोळ्या लाटता लाटता. साखरपुडा आमच्या खळ्यात करायचं माझ्या मनात होतं. सारवून, मांडव घालून, दारात माझ्या हातची रांगोळी. ती म्हणाली, "आई, काकीचं लॉन असताना खळ्यात कशाला?" आमचे हेही म्हणाले, बरोबर आहे पोरीचं. माझं बरोबर कधी असतं ते कुणी सांगत नाही.

त्यातच जिन्यावरून उतरताना जावेचा पाय मोडला. प्लास्टर पडलं, ती खुर्चीत बसली आणि गवत वाढत गेलं. ही गाडी तिच्याशिवाय कुणी चालवलेली नव्हती. दिराला वाटलं, त्यात काय, आदल्या दिवशी फिरवू. आदल्या दिवशी गवत पोटरीला लागत होतं आणि गाडी हूं की चूं करत नव्हती. पाठीवर घ्यायच्या मशीनने कापायला माणूस शोधला, पण लागवडीच्या दिवसांत माणूस कुठला मिळतो?

मी रोप तसंच टाकून गेले. दीर गाडीच्या बाजूला उभा राहून, हात लांबवून किल्ली फिरवत होता. ट्रॅक्टर आम्ही सगळे असाच खालून चालू करतो. मेकॅनिक आणे गावात कुणाच्या तरी बोअरवर अडकला होता, तो फोनवरून सांगत होता आणि हा तसं करत होता. जाऊ पडवीत खुर्चीवर, पाय स्टुलावर, आणि माझी मुलगी त्या पायाखालची उशी नीट करत होती. माझ्या टाचांना भेगा पडून रक्त येतं, ते तिला कधी दिसलं नाही.

"वहिनी, बघा बरं जरा. तुमाला इंजनातलं कळतं," दीर म्हणाला.

एवढं ऐकायलाच मी आले होते बहुधा. पदर खोचला आणि बसले उकिडवी. पेट्रोल होतं. प्लग काढला, काळा पडला होता, पॉलिश पेपरने घासून परत बसवला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती गरम पाण्याने धुतली. दिराने किल्ली फिरवली. काही नाही. मग माझा ट्रॅक्टर आणून त्याच्या बॅटरीच्या वायरी हिला जोडल्या. म्हणजे माझा ट्रॅक्टर आता जावेच्या गाडीच्या सेवेला. तरी काही नाही. पण पुढचे दिवे मात्र लख्ख लागत होते.

"बॅटरी चांगली हाय," मी म्हटलं. "करंट पुढं जात न्हाई."

"आता दुपार व्हत आली," दीर म्हणाला. "अडवलाय कुणी करंट?"

आणि तिथेच मला उमगलं. दर आठवड्याला कांद्याच्या वाफ्यात वाकून मी जावेला या गाडीवर बघत आले होते. जळफळत बघत होते, म्हणून बारकाईने बघत होते. तिची टोपी, तिचं बसणं, सगळं मला पाठ होतं. ती आधी बसायची, मग पाय खालच्या पट्टीवर दाबायची, मग किल्ली. मध्ये दगड दिसला आणि ती उचलायला उठली की गाडी आपोआप बंद पडायची. परत बसून किल्ली दिली की परत चालू. खुर्चीवर माणसाचं वजन असल्याशिवाय हिला करंट मिळतच नव्हता. दीर सकाळपासून रिकाम्या खुर्चीला किल्ली देत होता. जावेला स्वतःला हे सुचलं नव्हतं, कारण ती कधी खाली उभी राहून चालू करायला गेलीच नव्हती.

मी काही बोलले नाही. हात पुसत उभी राहिले. गाडी चालू झाली नाही तर कार्यक्रम कुठे होणार? माझ्या खळ्यात. संध्याकाळपर्यंत सारवून झालं असतं. मांडववाला ओळखीचा होता. मी मनात पाव्हण्यांच्या खुर्च्यासुद्धा मांडून घेतल्या.

पडवीत जावेचे डोळे भरून आले होते. "तुझा कार्यक्रम माझ्यामुळं बिघडला गं," ती म्हणत होती. आणि माझ्या मुलीने तिचा हात हातात घेतला.

"काकी, रडू नको ना. नाय तर नाय. आईच्या खळ्यात करून घेऊ कसंतरी."

कसंतरी. माझं खळं, माझी रांगोळी, आणि कसंतरी. उरलंसुरलं वाढतात तसं मला ते वाढलं जात होतं, तेही काकीला बरं वाटावं म्हणून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. नको मला.

मी दिराला बाजूला सारलं आणि त्या खुर्चीवर चढून बसले. मऊ होती, मेली. पट्टी दाबली, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात धडधडायला लागली. दीर दोन पावलं मागे सरकला. मी पाती खाली सोडली आणि कुंपणाच्या कडेने निघाले. ट्रॅक्टर चालवणारीला त्यात अवघड काय? मागे सरळ पट्टा पडत होता, जावेच्या पट्ट्यापेक्षा सरळ. उद्या माझी मुलगी जिथे उभी राहणार होती तिथलं गवत माझ्या हातून कापलं जावं, असं मला फार फार वाटलं. सगळंच्या सगळं.

तिसऱ्या फेरीला दीर आडवा आला. "वहिनी, उतरा आता. बाकीचं मी करतो. तुमाला घरी लई कामं असत्याल."

"उतरले की बंद पडती ही," मी ओरडून सांगितलं. "आन आता बंद पडली तर परत चालू व्हायची न्हाई."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं धादांत खोटं. हे मला ठाऊक होतं आणि दर आठवड्याला तिच्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या जावेला तर होतंच. मुलगी पडवीच्या पायरीवर आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग मागे वळली.

"खरं का गं काकी?"

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "ताईंनाच करू दे सगळं."

मुलीला ते लगेच पटलं. दीरही बाजूला झाला. मी शेवटच्या पट्ट्यापर्यंत सगळं गवत एकटीने कापलं, कुणाला हात लावू दिला नाही. आणि पूर्ण वेळ मला एकच गोष्ट टोचत होती. मी बोललेलं खोटंसुद्धा माझ्या मुलीला खरं वाटलं, ते काकी हो म्हणाली म्हणून.