व्याह्यांचं जहाज पाणी प्यायलं

मुलीचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी व्याह्यांना रीतीप्रमाणे विचारलं, आपण काय करता. ते म्हणाले, फटी बुजवतो. मला वाटलं गवंडी असतील. घरी येऊन बायकोला तसं सांगितलंसुद्धा, आणि ती म्हणाली, चला, पोरीच्या घराच्या भिंतींची तरी काळजी मिटली. लग्नानंतर सहा महिन्यांनी आम्हाला कळलं, की हा माणूस जहाजांच्या फटी बुजवतो.

लाकडी जहाज म्हणजे फळीला फळी. सुतार कितीही शहाणा असो, दोन फळ्यांत फट राहतेच. तिच्यात तेलात भिजवलेला कापसाचा पीळ छिन्नीने आणि मोगरीने ठासायचा, वरून राळ ओतायची, की पाणी बाहेर आणि माणसं आत. सांगायला एवढंच, पण आमच्या व्याह्यांनी त्यात सारा जन्म घातला. गोदीत त्यांना फटबुज्या म्हणत, अगदी तोंडावर, आणि ते ओ देत.

हे काम डोळ्यांचं नाही, कानाचं आहे, हे मला त्यांनी शिकवलं. पीळ नीट बसला की मोगरीचा ठोका टणक वाजतो. पोकळ राहिला, कुजला, की भद्द. त्यामुळे त्यांना एक खोड जडली होती, लाकूड दिसलं की बोटाने वाजवून बघायचं. पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले आणि आत यायच्या आधी दारच वाजवलं. म्हणाले, व्याही, खाली वाळवी आहे. मी हसण्यावारी नेलं. तीन महिन्यांनी एका सकाळी दाराची कडी माझ्या हातात आली आणि दार अंगणात. विहीणबाई म्हणायच्या, यांनी लग्नात माझं कपाळही वाजवून बघितलं असतं, पण लोक होते ना समोर.

माझी पिठाची गिरणी होती. एकदा ते गिरणीत येऊन नुसते उभे राहिले आणि म्हणाले, वरचा दगड एका अंगाला घासतोय. ते मला दोन दिवस ऐकू येत होतं आणि दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून मी गप्प होतो. त्या दिवसापासून आमची दोस्ती. व्याही-व्याही एकमेकांच्या चुका काढायला असतात म्हणे. आम्ही दगडांच्या आणि फळ्यांच्या काढल्या.

आता जहाजाकडे येतो. नाही तर नातवंडं म्हणतात, आजोबा निघाले एका गावाला आणि पोचले भलत्याच.

बंदराच्या शहरात जुन्या व्यापारी जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधायचं ठरलं. आत संग्रहालय करायचं आणि जहाज कोरड्या गोदीत, म्हणजे खाडीकाठच्या मोठ्या बांधीव खड्ड्यात, लाकडी ठोकळ्यांवर कायमचं उभं ठेवायचं. मुकादम व्याह्यांना म्हणाला, पाण्याला लागायचंच नाही ते, वरच्या दिसणाऱ्या फटी तेवढ्या बुजवा, पोट कोण बघतंय. व्याह्यांनी पोटाची फट न् फट बुजवली. चार महिने जास्त लागले. सगळी गोदी हसली. व्याही एवढंच म्हणाले, मला जहाज म्हणून सांगितलंत, देखावा म्हणून सांगितलं असतंत तर मी आलोच नसतो.

त्यानंतर एक तप ते जहाज तिथे कोरडं उभं होतं. व्याही निवृत्त झाले, माझी गिरणी मुलाने घेतली. मग एक दिवस ते सकाळीच माझ्याकडे आले. संग्रहालयाच्या मुख्य बाईंनी त्यांना बोलावलं होतं. खड्ड्यात खाडीचं पाणी सोडून जहाज खरंच तरंगवावं, अशी बाईंची इच्छा होती. तिथल्या इंजिनिअरचं म्हणणं, लाकडाचा भरवसा नाही, पोटाभोवती सिमेंट ओतून ते कायमचं पक्कं करू. व्याही म्हणाले होते, सिमेंटात लाकूड आतल्या आत कुजेल, ते जहाज तरंगतं, मी केलंय. तेव्हा बाईंनी निकाल दिला, की पाणी सोडून बघू. तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पंपांनी तळ कोरडा करून दाखवला तर जहाज पाण्यात राहील. नाही तर सिमेंट.

एवढं सांगून ते थांबले. मग खाली बघून म्हणाले, "व्याही, बोलणं कळतं, पण मला ठोका ऐकू येत नाही आता. दोन वर्षं झाली. घरात कोणाला माहीत नाही. तुम्ही या माझ्याबरोबर."

मी पायात चपला घातल्या.

मी सातवीपर्यंत शिकलो. आमच्या गुरुजींनी जहाज फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं, आणि खालच्या लाटा काढताना खडू संपला होता. ते माझं जहाज. त्यामुळे त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो तेव्हा तोंड उघडं राहिलं ते मिटेना. तीन मजली घराएवढं अंग, वर डोलकाठ्या, त्यांना शेकडो दोर, आणि समोरची नाळ, म्हणजे जहाजाचं टोक, अशी पुढे आलेली, की आपणच बाजूला सरावं. मी खरोखरच एक पाऊल मागे सरलो. व्याही म्हणाले, धडक देत नाही हो ते.

आत गेलो तर एकेका दालनात काय काय. पितळी होकायंत्र, त्याची सुई मी तीनदा फिरून बघितली तरी तिचं तोंड तिकडेच. खलाशांची झोपायची फळी, माझ्या घरच्या पाळण्याहून अरुंद. माणसाच्या उंचीचा नांगर. भिंतभर नकाशे, त्यांत जमीन कडेला चिकटलेली आणि मधे नुसतं पाणी. मला वाटलं, मी एवढं आयुष्य कडेकडेनेच काढलं. व्याही कशाकडेही बघत नव्हते. लोक काचेतल्या वस्तूंवर वाकले होते आणि आमचे व्याही भिंतीची फळी वाजवत चालले होते.

मग आम्ही तळात उतरलो. तिथे लोकांना मज्जाव. दोन्ही बाजूंनी बरगड्या वर गेलेल्या, जणू देवमाशाच्या पोटात आलो. आणि फळ्याफळ्यांमधून बाहेरचा उजेड आत येत होता. बारीक बारीक रेघा, शेकड्यांनी.

इंजिनिअर पाठोपाठ उतरला होता. तरुण, नम्र, पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की म्हातारे आता कबूल करतील. म्हणाला, आजोबा, जहाजाच्या तळातून मला बाहेरचा माणूस दिसतोय. सगळ्या फटी नव्याने ठासून घ्या, माणसं देतो.

व्याही म्हणाले, नाही ठासायच्या. आणि समजावून सांगितलं. पावसात दार फुगून बसतं तसं लाकूड पाण्यात फुगतं. बारा वर्षं सुकून आखडलंय, म्हणून उजेड दिसतो. आता फटी ठासून भरल्या, तर फळ्या फुगताना जागा मागतील, जागा मिळणार नाही, आणि जहाज आपल्याच बरगड्या मोडून घेईल. म्हणून जो पीळ कुजलाय तेवढाच बदलायचा, तोही सैल. बाकीचा उजेड राहू द्यायचा.

इंजिनिअरने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, घोडामैदान जवळच आहे.

चार दिवस आम्ही ते पोट वाजवलं. व्याही ठोका देत, मी ऐके. टणक असला तर मी नाक खाजवायचं, भद्द असला तर खोकायचं, अशी खूण ठरली होती. पहिल्या दिवशी धुळीने मला खरा खोकला आला आणि व्याह्यांनी धडधाकट फळीवर खडूने फुली मारली. मग मी हळूच पुसायला लावली. सगळ्या जहाजात अकरा जागा भद्द निघाल्या. तिथला पीळ त्यांनी स्वतः बसवला. ऐकू येत नव्हतं, पण हात असे चालत की मोगरी आपणहून जागा ओळखे.

पाचव्या दिवशी सकाळी गोदीचं दार फूटभर उघडलं. खाडीचं पाणी आलं, ठोकळे बुडले, पोटाला लागलं, आणि पोट अर्धं बुडल्यावर दार बंद केलं. आम्ही तळात उभे. मी जन्मात असं पाहिलं नाही. जिथे जिथे उजेडाची रेघ होती तिथे तिथे पाण्याची रेघ आली. जहाज कसलं, चाळणी. तासाभरात गुडघाभर पाणी. चार पंप धडधडत होते आणि पाणी हटत नव्हतं. इंजिनिअर वरून ओरडला, काढू का पाणी.

व्याह्यांनी पँट वर दुमडली आणि म्हणाले, "पिऊ द्या त्याला. बारा वर्षांची तहान आहे, घोटाने भागायची नाही."

संध्याकाळी आम्हाला जावयाच्या घरी पाठवलं. मुलीने ताट वाढलं, पण व्याह्यांनी दोन घासांवर हात धुतला. जावई विचारत होता, बाबा, होईल ना. ते म्हणाले, झोप जा.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू सुधारली. धारांचे थेंब झाले. पण डाव्या बाजूला मागे, सुकाणूच्या जवळ, एक धार होती ती तशीच. मनगटाएवढी. ती फट मला आठवत होती. तिथे मी नाक खाजवलं होतं. दिवसभर माझ्या मनात एकच, की आपलाच कान चुकला, आणि या माणसाने तो कान आपला म्हणून वापरला. चार वाजता मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तिथे माझी चूक झाली असणार, तुम्ही अजूनही ती ठासून घ्या.

त्यांनी पाण्यात हात घालून ती फळी कितीतरी वेळ चाचपली. म्हणाले, ही जाड फळी आहे, हळू पिणार. मग मला विचारलं, आवाज काय येतोय. मी म्हटलं, पाण्याचा. तो नाही, ते म्हणाले, लाकडाचा. मी फळीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आत कुठेतरी नव्या वहाणेसारखं कर्र झालं. थोड्या वेळाने पुन्हा. मी सांगितलं. त्यांनी मला दोनदा तोच आवाज तोंडाने काढायला लावला, आणि पंपावरचा एक माणूस जिन्यावरून दोन म्हाताऱ्यांना बघत उभा राहिला. व्याही म्हणाले, फळी फळीला शोधतेय. पण त्यांची नजर मोगरीकडे गेली, ते मी पाहिलं. त्यांनी ठासायला मोगरी उचलली असती तर मी अडवलं नसतं. त्यांनी उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पाणी घोट्याच्या वर होतं. नऊला तेवढंच. इंजिनिअरने सिमेंटवाल्यांना फोन करून ठेवला होता. त्याने तो लपवला नाही हे त्याचं चांगलं. दहाला मी त्या धारेकडे बघत होतो आणि मला वाटलं ती बारीक झाली. मला रात्रभर झोप नव्हती, म्हणून डोळे चोळले. करंगळीएवढी झाली होती. मग सुतळीएवढी. कर्र कर्र आता सगळ्या बाजूंनी येत होतं, व्याह्यांशिवाय सगळ्यांना ऐकू जाईल असं. साडेदहाला ती धार तुटली. तिचे थेंब झाले, थेंबांमध्ये अंतर पडायला लागलं, आणि सव्वाअकराला पहिला पंप पाणी सोडून हवा ओढायला लागला. घर्र घर्र. मग दुसरा. इंजिनिअर खाली आला, तळाच्या फळीवर बसला, तळहात टेकवून बघितला. ओली होती, पण पाणी नव्हतं. त्याने खिशातून फोन काढून सिमेंटवाल्यांना परत जायला सांगितलं, आणि त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, पोट भरलं त्याचं.

बाईंनी दार पूर्ण उघडायला लावलं. आम्ही वर डेकवर आलो. काठावर लोक जमले होते, दोरापलीकडे. पाणी चढत चढत गेलं, आणि काहीच झालं नाही. जहाज ठोकळ्यांवर तसंच. मी व्याह्यांना विचारणार, एवढ्यात माझ्या पायाखालून काहीतरी गेलं. कसं सांगू. झोपलेला बैल उठायच्या आधी नुसता श्वास घेतो आणि पाठीवरच्या पोराला कळतं, तसं. काठ आणि जहाज यांच्यामधली पट्टी हातभर रुंद झाली. वर डोलकाठ्या आभाळात सावकाश एका बाजूला झुकल्या आणि परत आल्या. शेकडो दोर एकदम ताणले गेले, एकदम सैल झाले. एवढं तीन मजली घर, आणि खाली त्याला जमीन नाही.

काठावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक नुसते बघत होते. एका बाईने कडेवरचं मूल खाली ठेवलं आणि त्याला तिथेच धरून उभी राहिली.

मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. व्याही हसले. म्हणाले, "बांधलंय हो दोरांनी, कुठे जात नाही ते."

मी म्हटलं, "सोडलं तरी चालेल मला."

बाईंनी विचारलं, उद्यापासून लोकांना आत सोडू का. व्याही म्हणाले, आठ दिवस थांबा, अजून पितंय. मग ते मला तिथेच सोडून एकटे तळात गेले. बराच वेळ झाला तरी वर येईनात, तेव्हा मी जिन्यावरून डोकावलो. ते त्या डाव्या बाजूच्या जाड फळीपाशी बसले होते, तिच्यावर गाल टेकून. पलीकडे सगळी खाडी होती.