आ लिनचं एकच वाक्य

आ लिन माझ्या देखत त्रेचाळीस वेळा मेला. लाँड्रीत इस्त्री करून बोटं वाकडी झालेला माणूस, पण मरावं कसं ते त्याच्याकडून शिकावं.

जपानशी लढाई पेटली आणि अमेरिकन सिनेमावाल्यांना जपानी सैनिक कमी पडायला लागले. खरे जपानी सरकारने छावण्यांत कोंडलेले. मग आमच्या चायनाटाऊनमधले चेहरे बसमध्ये भरून स्टुडिओत न्यायचं काम माझ्याकडे आलं. गोऱ्यांना आमच्यातला फरक कळत नाही, म्हणून रस्त्यावर आम्ही ‘मी चिनी आहे’ असा बिल्ला लावून हिंडत असू. स्टुडिओच्या फाटकात तो काढायचा. आ लिनचं गाव जपान्यांनीच जाळलेलं. त्यांचाच गणवेश चढवून तो नारळाच्या झाडावरून पडायचा, टोपी बदलून पुन्हा मरायला उभा राहायचा.

खोटं का होईना, मेल्यावर लाल पाकीट घ्यायचं ही आमची रीत. आत एक नाणं. अंगाला लागलेलं मरण त्यानं उतरतं. पाकीट द्यायचं ते मीच.

त्याचा मुलगा वॉल्टर इथेच जन्मलेला. अमेरिकन फौजेतून पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर लढत होता. पोरानं आपल्याला पडद्यावर बघावं, हा म्हाताऱ्याचा ध्यास. पण पालथ्या मुडद्याला कोण ओळखणार?

“तोंडातून शब्द निघाला ना, की कॅमेरा तोंडावर येतो,” तो म्हणायचा.

“तुला इंग्रजी कुठे येतंय?”

“एक वाक्य येतं. वॉल्टरनं शिकवलंय, रस्त्यात कुणी अंगावर आलं तर म्हणायला.”

एके दिवशी शूटिंग चालू असताना तो रांगेतून सरळ पुढे गेला, हात वर केले आणि इंग्रजीत ओरडला, “मारू नका, मी अमेरिकन आहे.”

दिग्दर्शक खूश. जपानी किती कपटी असतात ते दाखवायला त्याला असंच काही हवं होतं. आ लिनने वाक्य म्हणायचं, नायकाने बंदूक खाली करायची, आणि याने हातबॉम्ब फेकून त्याच्या दोस्ताला मारायचं. मग याला गोळी.

“अरे, पाकीट घे,” शूटिंग संपल्यावर मी म्हटलं.

“आज मी मेलो कुठे? आज मी बोललो.” तो बसमध्ये चढलासुद्धा. मलाही घाई होती.

सिनेमा लागला. पडद्यावरच्या त्याच्या तोंडावर लोकांनी शेंगदाणे फेकले, आणि आ लिन अंधारात नवरदेवासारखा बसला होता. माझ्याकडून त्याने पत्र लिहून घेतलं: दोस्तांना दाखव, हा माझा बाप म्हणून.

आधी वॉल्टर गेल्याची सरकारी तार आली. महिन्याने वॉल्टरच्या तुकडीतल्या एकाचं इंग्रजी पत्र आलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, आ लिनसमोर, मी ते मनात वाचलं.

बेटावर दोन झाडांमध्ये चादर बांधून सिनेमा दाखवला होता. वॉल्टर खाली मान घालून बसला, कुणाला काही बोलला नाही. तीन दिवसांनी तो गस्तीत वाट चुकला आणि संध्याकाळी एकटाच आपल्या लोकांकडे परतला. हात वर करून तेच वाक्य ओरडत होता. पहाऱ्यावर दोन नवे सैनिक होते. त्यांनी सिनेमा पाहिला होता.

“काय म्हणतोय?”

“लगेच गेला. त्रास झाला नाही.”

“सिनेमा बघितला का त्यानं?”

“बघितला. ओळखलं तुला.”

“दोस्तांना सांगितलं?”

“सगळ्यांना.”

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “ते पाकीट,” तो म्हणाला. “मी घेतलं नाही, ते मरण पोराकडे गेलं.”

मी मान डोलावली. पत्र त्याच संध्याकाळी चुलीत घातलं. वस्तीही पाकिटाचंच बोलते, मी ते दिलं नाही म्हणून माझ्या पाठीमागे थुंकते. थुंकू दे.

ते वाक्य आता चालतं. लढाईचा सिनेमा असला की दिग्दर्शक तेच मागतात, आणि मी आ लिनला नेतो. गेल्या आठवड्यात त्याने हात वर केले, स्पष्ट म्हटलं, गोळी खाल्ली, पडला. उठून गुडघे झटकले आणि पाकिटासाठी दोन्ही हात पुढे केले.

“नीट आलं का रे वाक्य? वॉल्टर म्हणायचा तसं?”

“तसंच,” मी म्हटलं, आणि पाकीट दिलं.