काकांच्या आवाजाची सीडी

मित्रांनो, आज दुपारी कुरुद गावाले एका लग्नात माझा डीजे होता. तेव्हापासून मन जड आहे, म्हणून लिहून राहिलो.

नवरी आमच्या जुन्या शेजारच्या काकूची पोरगी. काका प्लांटमध्ये कामाले होते, जयंतीले भीमगीतं म्हणायचे. मागच्या वर्षी वारले. त्यांच्या आवाजाची एकच सीडी घरी होती आणि पोरीले त्याच गाण्यावर मंडपात यायचं होतं.

सीडी लावली, तर प्लेयर वाचेच ना. पुसली, दुसऱ्या प्लेयरमध्ये टाकली, लॅपटॉपवरही पाहिली. शेवटी उन्हाकडे धरली, तर आरपार उजेड दिसला. वरचा चंदेरी थर जागोजागी निघाला होता. गाणं त्या थराच्याच भरवशावर असते; थर गेला की ते परत येत नाही.

"काकू, यावर काही चिटकवलं होतं का?"

"काकाच्या नावाचं स्टिकर होतं. मळकं दिसे, म्हणून काल मीच खरडून काढलं." मग तिनं हळूच विचारलं, "कावून रे? माझ्यानं बिघडली का?"

"नाही काकू. जुन्या सीड्या अशाच खराब होतात."

पोरगी दुसऱ्याच गाण्यावर मंडपात आली. निघताना तिनं सीडी माझ्या हातात दिली. "दादा, सुधरन ना?"

मी म्हटलं, "पाहतो."

काकू बाजूलेच उभी होती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जुनी झाली होती बेटा. पाहतो म्हणते ना तो."

आता सीडी माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्ही असते, तर काकूले खरं सांगितलं असतं का?