सगुण पाडेलीचा तोल

नार्व्याचा सगुण पाडेली माडावरून कधी पडला नाही. एका पावसाळ्यात त्याचा कान फुटला, तेव्हापासून सगळं बिघडलं. ताप उतरला, पू थांबला, पण पायाखालची जमीन सरकायची थांबेना. बुंध्याला हात लावून वर पाहिलं की झावळ्या गरगरायच्या. नारळ पाडणं हाच त्याचा धंदा. बागायतदार बाबाजींनी थोडे दिवस वाट पाहिली, मग मये गावाहून दुसरा पाडेली आणला.

सगुणचं लग्न झालं नव्हतं. आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, तरी माडावरून खालच्यांना हाका मारण्यात दिवस जायचा. आता तेही संपलं. पाववाला पदेर सकाळी पाव ठेवून जाई, तेवढीच माणसाची चाहूल. त्या काळात भाषेवरून गोवा पेटला होता, देवळापुढे रोज वाद रंगत. चक्कर येईल म्हणून सगुण तिकडेही फिरकत नसे. कोंकणी की मराठी, हे त्याला कोणी विचारलंही नाही.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तो पणजीच्या एका इस्पितळात गेला. तिथे त्याला आडवं करून, जाड भिंगांचा चष्मा लावून, कानात थंड पाणी सोडलं. कान चांगला असेल तर अशा वेळी डोळे आपोआप एकीकडे सरकतात आणि झटक्यानं परत येतात. सगुणचे डोळे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या कानाचंही तसंच. दोन्ही कान गेलेले दिसतात, असं तरुण डॉक्टर हळूच म्हणाला. सगुणनं ते ऐकलं. त्याला काहीच वाटलं नाही.

मोठ्या डॉक्टर सुशीलाबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी सगुणकडे निरखून पाहिलं. घरी कोण असतं, दिवसभर काय करता, असं विचारलं. उत्तरं एकेका शब्दाची आली. त्यांनी पाण्याची तपासणी पुन्हा करायला लावली आणि त्याला पाढे म्हणायला सांगितले. तो शाळेत गेला नव्हता.

"मग तुमचे माड सांगा. एकामागून एक. थांबायचं नाही."

"ते सांगून काय होणार, बाय?"

"मन पेंगलं की डोळेही पेंगतात. मग कान शाबूत असला तरी आम्हाला कळत नाही. तुम्ही फक्त जागे राहा."

सगुणनं सुरुवात केली. आवाज बसका, न वापरलेला. नदीकडे कललेला माड, वीज पडलेला, लाल मुंग्यांचा. हळूहळू शब्द मोकळे होत गेले आणि भिंगांमागे त्याचे डोळे हलू लागले. उजवा कान चांगला निघाला, डावा पार अधू.

"झालं, आता थांबलात तरी चालेल," सुशीलाबाई म्हणाल्या.

तो थांबला नाही. बाबाजींची बाग संपवून शेजारच्या बागेत शिरला. डोकं गरगरत होतं, उमासे येत होते, तरी बोलतच राहिला. बाईंनी स्टूल ओढलं आणि शेवटचा माड येईपर्यंत ऐकत बसल्या.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, डावा कान परतायचा नाही, माडावर चढणं संपलं. पण एका कानावर चालता येईल. नजर एका जागी रोवून मान फिरवायची, रोज चालायचं, आणि चालताना मन जागं ठेवायचं.

सगुण काठी टेकत, एकेक माड मोठ्यानं सांगत नदीकाठानं चालू लागला. गावाला वाटलं, याचं डोकं फिरलं. बाबाजींनी त्याला नारळ सोलायला ठेवलं. नवा पाडेली वर, हा खाली.

थंडीत एका सकाळी तो खाडीकाठच्या खाजन शेताच्या अरुंद बांधावरून काठीशिवाय पलीकडे गेला. दोन्हीकडे पाणी होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

हे सांगायला तो पणजीला गेला. सुशीलाबाईंची मडगावला बदली झाली होती. तरुण डॉक्टरनं तपासून सुधारणा चांगली आहे असं सांगितलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. सगुण थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसला. मग उठून सावकाश फेरीबोटीच्या धक्क्याकडे निघाला.