कापसाचा खोकला

गादीवाल्या अप्पांना खोकला झाला, तेव्हा त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उभा जन्म कापूस पिंजण्यात गेलेला. दुकानातलं यंत्र सुरू झालं की भुवयांपासून चपलांपर्यंत सगळा माणूस पांढराफटक व्हायचा. आधी नुसती सर्दी होती, मग उबळ येऊ लागली. एकदा लागली की डोळ्यांतून पाणी काढायची, कधी खाल्लेलंही ओकायला लावायची. गिऱ्हाइकं चेष्टा करत, की गादीपेक्षा अप्पांच्या पोटातच जास्त कापूस गेला. अप्पाही हसायचे, आणि हसता हसता पुन्हा उबळ यायची.

दुकानावरच घर होतं. मुलगा बसवर ड्रायव्हर, सून घरी, आणि नुकती महिन्याची झालेली नात. तिला सगळे पिटुकली म्हणत. दुपारी यंत्र बंद करून अप्पा वर येत, हातपाय धूत, सदरा बदलत आणि मगच तिला उचलत. खोकला आलाच तर तोंड फिरवत. माणसानं याहून जास्त काय जपायचं?

मग पिटुकलीला शिंका आल्या. दोन-चार दिवसांनी बारीकसा खोकला, मांजराचं पिल्लू खोकावं तसा. सून म्हणाली, संध्याकाळी डॉक्टरकडे नेऊन आणू. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि पिटुकली अप्पांच्या मांडीवर राहिली.

ती पुन्हा खोकली. इवलंसं तोंड लाल झालं. मग खोकला थांबला, आणि त्याच्यामागून श्वासही थांबला. रडणं नाही, हालचाल नाही. ओठांवर जांभळट छटा चढली. अप्पांनी तिला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. तिचं डोकं नुसतं लोंबत होतं. मग एक आचका, आणि श्वास आत गेला. तेव्हा कुठे अप्पांच्या तोंडून सुनेचं नाव निघालं, तेही ओरडून नाही, कुजबुजल्यासारखं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी बाळाला ऑक्सिजन लावला आणि विचारलं, घरात कुणाला खोकला आहे का. सून आणि मुलगा दोघांनीही अप्पांकडे पाहिलं नाही. न पाहण्यानंच सगळं कळलं.

"माझा कापसाचा आहे," अप्पा म्हणाले, आणि तिथेच त्यांना उबळ आली. चांगली लांबलचक.

डॉक्टरीणबाईंनी ती पूर्ण ऐकली. तोंडाला बांधायला मास्क दिला आणि त्यांना खोलीबाहेर नेलं.

"आजोबा, हा कापसाचा नाही वाटत. डांग्या खोकला असावा. तपासून खात्री करू, पण औषध आत्ताच सुरू करायचं, घरातल्या सगळ्यांना."

अप्पा म्हणाले, तो तर लहान मुलांचा आजार. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की लहानपणी लस घेतलेली असो नाहीतर आजार होऊन गेलेला असो, त्याचा जोर वयाबरोबर उतरत जातो. मोठा माणूस महिनोन् महिने खोकतो आणि धुळीवर ढकलतो. तान्ह्या बाळाला मात्र पुष्कळदा धड खोकताही येत नाही, त्याचा श्वासच थांबतो. पहिला डोस दीड महिन्याचा झाल्यावर मिळतो. तोवर आईनं गरोदरपणी घेतलेली लस आणि भोवतीची माणसं, एवढंच त्याचं संरक्षण. सुनेला ती लस कुणी सुचवलीच नव्हती.

अप्पा काचेबाहेर उभे राहिले. आत यंत्राचा आवाज मधूनच वाढायचा, नर्स धावायची, आणि अप्पा काचेला आणखी चिकटायचे. आपण हात धुतले, सदरा बदलला, आणि ज्या तोंडानं तिला लाडानं हाका मारल्या त्याच तोंडानं दुखणं दिलं. तपासणीत तेच निघालं.

तेवढ्यात त्यांना दुसरीच भीती शिवली. समोरच्या इस्त्रीवालीचा छोटा रोज दुकानात कापसाच्या ढिगावर लोळायला यायचा. याच लसीच्या पहिल्या इंजेक्शनला त्याची मांडी सुजली, ताप चढला, तेव्हापासून तिनं पुढचे डोस टाळले होते.

अप्पा मास्क बांधून गल्लीत गेले आणि तिच्या दारापासून लांबच उभे राहिले. आपल्याला काय झालंय ते सांगितलं. पलीकडचे दोघं-तिघं थबकून ऐकू लागले, मागे सरकले. दुकानात आता कोण पाऊल टाकणार, हे अप्पांना कळत होतं.

इस्त्रीवालीचा चेहरा उतरला. "पण अप्पा, तो ताप मी विसरले नाही. रात्रभर फणफणला होता."

"ताप आला ना, पोरी? उतरलाही. माझ्या हातावर पोर निळी पडली. तेव्हा मी काही करू शकत नव्हतो, नुसती वाट बघत होतो. तू ती वाट बघू नकोस."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मुलाला उचलून तशीच दवाखान्यात गेली. त्याला खबरदारीचं औषध मिळालं, राहिलेले डोसही सुरू झाले. पुढचे कितीतरी दिवस तो साधा ठसकला तरी ती हातातलं टाकून धावायची. त्याला मात्र खोकला झाला नाही.

पिटुकली वाचली. पण घरी आली म्हणून दुखणं गेलं नाही. उबळ येतच राहिली, आणि दर उबळीला घर जागच्या जागी गोठायचं. सून तिच्या छातीवर हात ठेवायची, मुलगा दारात उभा राहायचा. डॉक्टरीणबाईंनी आता हरकत नाही म्हटलं, तरी अप्पा तिला घेत नव्हते. शेवटी एका दुपारी सुनेनंच तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

बाळ सावरल्यावर लसीसाठी नेलं, तेव्हा अप्पाही गेले. सुई टोचताना त्यांनी मान फिरवली. पिटुकली भोकाड पसरून रडली. सून तिला गप्प करू लागली तशी अप्पा म्हणाले, "रडू दे जरा."

दुकान पुन्हा चालू झालं, गिऱ्हाइकं हळूहळू परतली. आता दुकानात कुणी खोकलं की अप्पा यंत्र बंद करतात आणि विचारतात, घरात तान्हं बाळ आहे का. लोकांना ते विचित्र वाटतं. उत्तर येईपर्यंत अप्पांचा जीव मुठीत असतो.