लगतच्या विहिरीचे मालक

रोपवाल्याला उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणणं जमलं नाही. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं वाढवून विकणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकं रोपं घरी न्यायची, पाणी घालायला विसरायची आणि वाळक्या काड्या परत आणून वर तोंड करून म्हणायची, "तुमची रोपंच खराब होती." हा नवी जुडी काढून द्यायचा. "हरकत नाही." शेजाऱ्याने शिडी नेली आणि दोन पायऱ्या मोडून परत आणली. हरकत नाही. बायको कातावायची, "भीड भिकेची बहीण असते हो! कधीतरी कुणाला अडवा." त्यावर स्वारीचं उत्तर ठरलेलं, "हरकत नाही, अडवीन."

पण एका गोष्टीला त्याची खरोखरच हरकत होती. त्याच्या जमिनीच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला, चढावर, एक मोठं रान होतं. त्या रानात मुरलेलं पाणी झिरपून त्याच्या विहिरीत यायचं आणि त्या विहिरीवर त्याचे वाफे जगायचे. सरकारी नकाशात ते रान शेती विभागात होतं. आता ते रहिवासी करून तिथे चार इमारती उभ्या करायचं घाटत होतं. म्हणजे खोल पाया, बोअर आणि सगळीकडे काँक्रीट. विहीर आटली की रोपं संपली, आणि बासष्टाव्या वर्षी दुसरं कुठलं काम येणार होतं त्याला?

वस्तीत दोन तट पडले. निवृत्त मास्तर रान वाचवायच्या बाजूचे. दूधवाला इमारतींच्या बाजूचा, कारण दोन खोल्यांत तीन भाऊ राहत होते आणि धाकट्याचं लग्न केवळ जागेपायी अडलं होतं. रोपवाल्याला दोघांचंही पटायचं. तरीही मास्तरांच्या आग्रहावरून त्याने बायकोला शेजारी बसवून विहिरीतल्या पाण्याची महिन्यामहिन्याची पातळी कागदावर उतरवली. "लगतचे विहीरवाले तुम्ही एकटेच," मास्तर म्हणाले. "तुमच्या हरकतीवरच हे अडेल. सुनावणीत नुसता कागद देऊ नका, साहेबांना वाचून दाखवा."

सुनावणी शाळेत झाली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि एकमेकांच्या वरताण ओरडत होती. साहेबांनी वर न बघताच विचारलं, "लगतच्या विहिरीचे मालक? तुमची काय हरकत?"

रोपवाला उठला. चष्मा लावला. कागद उलगडला. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या दूधवाल्याने त्याची बाही ओढली. "काका, गाय विताना अडलीय, घरून फोन आला. मी आधी बोलून जाऊ?"

"हरकत नाही," रोपवाला म्हणाला. दूधवाला संकोचाने घुटमळला, तसा हा आणखी मोठ्याने म्हणाला, "अरे, हरकत नाही!"

कारकुनाने मान डोलावून लिहून घेतलं. दूधवाला भावाच्या लग्नाचं दोन मिनिटं बोलला आणि पळाला. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. आता आपल्याला परत बोलावतील म्हणून रोपवाला कागद मांडीवर धरून बसून राहिला. मधेच घुसणं त्याच्या रक्तात नव्हतं. चहा झाला, फाइल मिटली, साहेबांची गाडीही गेली. मागच्या बाकावरून मास्तरांनी एवढंच ऐकलं होतं, हरकत नाही, हरकत नाही. ते त्याच्या अंगावरून निघून गेले, त्याच्याकडे न बघता.

रोपवाला धावत कारकुनाकडे गेला. "अहो, माझं राहिलं!"

"घेतलंय की, काका." कारकुनाने वही फिरवून दाखवली. "लगतच्या विहिरीच्या मालकांनी हरकत नसल्याचे दोनदा स्पष्टपणे सांगितले."

"ते मी दूधवाल्याला म्हणत होतो हो!"

कारकून वाईट नव्हता. त्याने डोकं खाजवलं. "मी ऐकलं ते लिहिलं. खाली साहेबांची सही झालीय. मला खोडता येत नाही. तुम्ही अर्ज करा."

त्याने तीन अर्ज केले. उत्तर आलं की अर्जदाराचं म्हणणं आधीच नोंदवलेलं आहे. मंजुरीच्या आदेशात तर पहिलं कारणच तो होता. शेवटी तो दूधवाल्याच्या गोठ्यावर गेला. "मला सगळं आठवतंय, काका," दूधवाला खाली बघत म्हणाला. "पण मी तसं लिहून दिलं तर भाऊ मला घरात ठेवतील का?" रोपवाल्याच्या ओठांवर नेहमीचे दोन शब्द आले होते. ते त्याने गिळले आणि तसाच घरी आला. काय करणार होता बिचारा? ज्याने त्याने आपापल्या जागी बरोबरच केलं होतं आणि त्याची विहीर जाणार होती.

वरच्या रानात बोअरचं मशीन आलं. महिनाभरात पंप नुसता हवा ओढू लागला. एका सकाळी बायकोने विहिरीत बादली सोडली. बराच वेळ दोर ओढल्यावर वर आलं ते निम्मं पाणी, निम्मा गाळ. बादली खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "लोक बोलतात म्हणून विचारते. तुम्हाला कुणी काही देऊ केलं होतं का?"

पाण्याच्या पातळीचा तो कागद तिनेच शेजारी बसून लिहवून घेतला होता.

"अगं, दूधवाला मधेच..."

"माहीत आहे," ती म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली. मग वरचं पाणी अलगद झारीत ओतून ती वाफ्याकडे निघाली. "मिरचीपुरतंच आहे. टोमॅटोकडे बघू नका."