मला दिलेली पुरणपोळी

"म्हणजे आमच्याच घरची भाकरी ना, बाई?" सुमन म्हणाली. सगळा वर्ग हसला.

मी उभी होते. अकरा वर्षांची. नुकतंच फ्रेंचमधून एक वाक्य बोलले होते. शे नू, ऑं मांज ल पँ देझोत्र. आमच्या घरी आम्ही दुसऱ्यांची भाकरी खातो. उच्चार चांगला जमला होता. बाई मान डोलवायलाही लागल्या होत्या. मग अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि मान थांबली.

लोणावळ्याच्या त्या शाळेत बंगल्यांतल्या मुली शिकायच्या. माझे दादा, म्हणजे वडील, रेल्वेत गँगमन. फी माफ करून मला घेतलंय, हे कुणी ना कुणी ऐकवायचंच. फ्रेंच शिकवायला पुण्याहून बाई यायच्या. त्या वर्षी पाहुण्यांपुढे कार्यक्रम होता. प्रत्येकीनं आपल्या घरचा पारंपरिक पदार्थ फ्रेंचमध्ये सांगायचा. "पारंपरिक म्हणजे जुना, आजीच्या वेळचा. आजीला विचारून या," बाई म्हणाल्या होत्या.

मी विचारलं. आमची आजी काही लपवून ठेवणारी नव्हती.

"आमच्या येळंला कसला पदार्थ, बाय? सांजच्याला टोपलं घिऊन दारोदार जायचं. शिळी, करपल्याली, जी भाकर पडंल ती. तिखाट पाण्यात शिजवायची. लय ग्वाड लागायची."

आजी जवळच्या टाकवे गावची. गावाची पडेल ती कामं करायची आणि त्याबद्दल घरोघरचे तुकडे गोळा करायचे, असा आमच्या लोकांवर लादलेला रिवाज. आम्ही धम्म घेतला त्या साली दादांनी तो मोडला. मी तेव्हा कडेवर होते. टोपलं मी पाहिलेलंच नाही, मग त्यात लाजण्यासारखं काय ते मला कुठून कळणार? जुना पदार्थ मागितला, मी जुना पदार्थ नेला. 'खायचो' कसं म्हणायचं ते येत नव्हतं, म्हणून 'खातो' म्हणाले. 'दुसऱ्यांची' याला फ्रेंच शब्द तर मी बाईंनाच विचारून घेतला होता.

सुमनही टाकव्याची. त्यांची शेती मोठी. ती लोणावळ्यात मामाकडे राहून शिकायची. आजीच्या टोपल्यात तिच्या घरची भाकरी पडलीच असणार. ती खोटं बोलली नव्हती. म्हणून जास्त लागलं.

बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं नाही. "असलं इथं सांगायचं नसतं," त्या मला म्हणाल्या. मग सुमनकडे वळल्या. तिनं दोन पदार्थांची चित्रं काढून आणली होती, पुरणपोळी आणि शेवयांची खीर. "सुमन, तुझ्याकडे दोन आहेत. त्यातली पुरणपोळी हिला दे."

सुमननं पुठ्ठ्यावर काढलेलं पोळीचं चित्र माझ्यापुढं धरलं. हात लांब करून, बोटाला बोट लागणार नाही असं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. आणि 'मेर्सी' म्हणाले. कुणी काही दिलं की आभार मानायचे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

संध्याकाळी चुलीपुढं बसून नवं वाक्य पाठ करत होते. दादा शेजारी जेवत होते. आजीनं विचारलं, "काय बोलती गं?"

"आपल्या घरी सणाला पुरणपोळी करतात."

"कुनी दिली?" तिनं विचारलं.

तिच्या जन्मात पुरणपोळी कुणीतरी दिलेलीच असायची. ती थट्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. मला खोटं बोलता आलं नाही. वर्गातलं सगळं सांगितलं. मेर्सीसुद्धा.

दादांचा हात ताटात थांबला. "टोपलं मी नदीत फेकलं," ते म्हणाले. "आता खायाचं काय, म्हनून ही तुझी आजी लय रडली. तरी फेकलं. आन् तू शाळंत जाऊन ते भरून आनलंस."

मारलं असतं तर बरं वाटलं असतं. वर्गात मला आजीची लाज वाटली होती, हे खरं आहे. आता स्वतःची वाटत होती. भूक नसताना, कुणी जबरदस्ती केलेली नसताना, मी हात पुढे केला होता. वर आभार मानले होते. मी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी माझं नाव पुकारलं. सुमन पुढच्याच रांगेत होती. मी आधी तिच्याकडे गेले आणि पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. "हे तुझं," म्हणाले. मग पाहुण्यांपुढे उभी राहिले. शे नू, ऑं न मांज पा ल पँ देझोत्र. आमच्या घरी दुसऱ्यांची भाकरी खात नाहीत. बऱ्याच जणांना ते कळलं नाही, म्हणून मराठीतही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाईंनी मला व्हरांड्यात नेलं. "सुमनची आणि पाहुण्यांची माफी माग. नाहीतर उद्यापासून माझ्या वर्गात बसायचं नाही."

"न्हाई मागनार," मी म्हणाले. शाळेत मी एरवी असं घरचं बोलत नसे.

फ्रेंच तिथंच संपलं. पुढं त्या शाळेत होते तोवर त्या तासाला मी बाहेर बसले. आतून मुलींचे आवाज यायचे, मला त्यातलं थोडं कळायचं, आणि शिकायची इच्छा काही मरत नव्हती.

लाज गेली, असं मी म्हणणार नाही. ते मेर्सी आठवलं की आजही मान खाली जाते. पण शाळेची माफ फी सोडली, तर त्या दिवसानंतर उपकार म्हणून पुढे आलेलं मी काही घेतलेलं नाही, आणि घेणार नाही. आता नोकरीत मोठी माणसं कौतुकानं विचारतात, तुमच्याकडचा खास पदार्थ कोणता? मी आजीचं टोपलं सांगते. त्यांचे चेहरे पडतात, विषय बदलतात. बदलोत. ज्यांना माझ्या घरचं ऐकायचंय त्यांनी ते शिळं, करपलेलं, जसं होतं तसं ऐकावं. मी कुणासाठी ते गोड करून सांगणार नाही.